रक्ताच्या थेंबाची साक्ष



हिंवतापाचीं लक्षणें आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाचीं आहेत. प्रथम थंडी वाजते, मग ताप चढतो आणि शेवटीं घाम सुटून रोगी गळून जातो. परंतु थंडी वाजून येणारा प्रत्येक ताप हिंवतापच असतो, असें नाहीं. शतकानुशतकें वैद्यांना केवळ लक्षणांवरून तर्क करावा लागे. त्या तर्काच्या जागीं डोळ्यांनीं पाहिलेला पुरावा कसा आला, ती हकीकत बोधप्रद आहे.

ता. ६ नोव्हेंबर १८८० रोजीं अल्जीरियांतील कॉन्स्टंटाइन येथें लाव्हरां ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनीं एका आजारी सैनिकाच्या रक्ताचा ताजा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला. त्यांत त्यांना सजीव तंतूंची हालचाल दिसली. हिंवतापाचा जंतु सांपडला होता. तथापि विद्वानांस तें लवकर पटलें नाहीं. कारण न रंगविलेल्या रक्तांत हा जंतु ओळखणें फार कठीण. खुद्द रोनाल्ड रॉस ह्यांसही प्रथम शंकाच होती. १८९४ सालीं लंडन येथें पॅट्रिक मॅन्सन ह्यांनीं तो त्यांस प्रत्यक्ष दाखविला, तेव्हां ती फिटली. ह्याच रॉस ह्यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत ह्या जंतूचा माग लावला.

म्हणजे नुसतें भिंग पुरेसें नव्हतें; जें पहावयाचें तें उठून दिसणेंही अवश्य होतें. ही उणीव रंगानें भरून काढली. १८९१ सालीं रशियांतील रोमानोव्स्की ह्यांनीं मेथिलीन ब्ल्यू व इओसिन हे रंग एकत्र योजले. त्यायोगें जंतूचें शरीर निळें व केंद्र तांबूस-जांभळें दिसूं लागलें. लीशमन ह्यांनीं १९०१ सालीं व जर्मनींतील गीम्सा ह्यांनीं १९०४ सालीं ह्या रंगास अधिक भरंवशाचें रूप दिलें.

लेपाची कृति दिसावयास सोपी, पण काळजीची आहे. कांच स्वच्छ असावी. तिला तेलकट बोट लागूं नये. रक्ताचा थेंब दुसऱ्या कांचेच्या कडेनें एका दमांत पसरला कीं पातळ लेप होतो. तो वाळवून मेथिल अल्कोहोलनें पक्का करतात. त्यांत रक्तपेशी अभंग राहतात. रॉस ह्यांनीं १९०३ सालीं जाड लेपाची युक्ति सुचविली. तो लेप पक्का करीत नाहींत. म्हणून पाण्यानें तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग निघून जातो, व थोड्या जागेंत पुष्कळ रक्त तपासतां येतें. घरांत चोर शिरला आहे कीं नाहीं हें जाड लेप सांगतो. तो चोर कोण, हें पातळ लेप सांगतो.

हा भेद जिवाशीं निगडित आहे. फाल्सिपेरम जातीचा जंतु मेंदूवर आघात करून थोडक्या अवधींत प्राण घेऊं शकतो. व्हायव्हॅक्स जातीचा यकृतांत दडून राहतो आणि महिन्यांनीं पुन्हां डोकें वर काढतो. दोघांचे उपचार सर्वस्वीं एक नाहींत.

आपल्या देशांतही ह्या विद्येंत भर पडली. १९४४ सालीं जसवंत सिंग व भट्टाचार्जी ह्यांनीं पाण्यांत विरघळणारा, त्वरित रंगविणारा द्रव प्रसिद्ध केला. पुढें हिंवताप निर्मूलनाच्या मोहिमेंत आरोग्यसेवक घरोघर जाऊन तापकऱ्यांच्या रक्ताच्या कांचा गोळा करूं लागले, तेव्हां हा स्वस्त रंग फार उपयोगी पडला.

आतां कांहीं मिनिटांत उत्तर देणाऱ्या चांचण्या निघाल्या आहेत. तरीही रक्तांत जंतु किती आहेत आणि औषधानें ते कमी होत आहेत कीं नाहीं, हें मोजावयास कांचच लागते. म्हणून घरांत कोणास थंडीताप आला, तर तर्कावर गोळी देण्यापूर्वीं त्या थेंबाची साक्ष अवश्य काढावी.