हायडेलबर्गची गायिका

इ. स. १८९५ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ४१ वर्षांच्या एका गायिकेवर शल्यविशारद चेर्नी यांनी शस्त्रक्रिया केली. स्तनातील गाठ काढावयाची, तर ती बाजू खोलगट राहणार! सुदैवाने तिच्या कमरेजवळ मेदाची निरुपद्रवी गाठ होती. चेर्नींनी तीच रिकाम्या जागी बसविली. लोकांसमोर उभे राहून गाणाऱ्या स्त्रीच्या या निर्णयास निव्वळ हौस म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु ज्यांच्या अंगी अशी गाठ नाही, त्यांचे काय? १८९९ पासून व्हिएन्नाच्या गेर्सुनींनी पॅराफिन टोचण्याची रीत रूढ केली. तिच्यापायी कित्येकींच्या वाट्यास कठीण गाठी व व्रण आले. १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे सिलिकोनची पिशवी प्रथम बसविण्यात आली. तीही जन्मभर टिकेलच असे नाही. म्हणून चाळिशीतील स्त्रीस साठीतल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचाही विचार आधीच करावा लागतो.