सर्वांदेखत दिलेली आज्ञा : ‘चॅटऑप्स’चा इतिहास

मोठ्या संगणकप्रणाली चालवणे हे दीर्घकाळ एकाकी काम होते. मध्यरात्री संकेतस्थळ बंद पडले, की एखादा अनुभवी अभियंता टर्मिनलची काळी खिडकी उघडी, चार-दोन आज्ञा लिही आणि यंत्रणा पुन्हा सुरू होई. दुरुस्ती झाली एवढेच इतरांना कळे. ती कशी झाली, हे त्या एका पडद्यावरच राही. तो अभियंता नोकरी सोडून गेला, की त्याच्याबरोबर ती विद्याही जाई. लेखी कार्यपुस्तिका असत. पण यंत्रणा रोज बदले आणि पुस्तिका मागे पडे. ही विद्या सर्वांसमोर आणणारी एक पद्धत गेल्या दीड दशकात रूढ झाली. गटाच्या चॅटमधूनच सॉफ्टवेअर-यंत्रणा चालवण्याच्या या पद्धतीला ‘चॅटऑप्स’ म्हणतात.

तिची मुळे जुनी आहेत. फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये ‘इंटरनेट रिले चॅट’, म्हणजे आयआरसी, तयार केली. विषयवार चॅनेल, त्यात एकाच वेळी उपस्थित असलेले अनेक जण आणि एकाने लिहिलेले सर्वांना तत्क्षणी दिसणे, ही आजच्या चॅट-साधनांची ओळखीची रचना तेथे दिसते. लवकरच या चॅनेलांत माणसांच्या शेजारी ‘बॉट’ येऊन बसले. १९९३ मध्ये रॉबी पॉइंटर यांनी लिहिलेला ‘एगड्रॉप’ हा त्यांपैकी प्रसिद्ध; चॅनेलची राखण करणे हे त्याचे मुख्य काम. बॉटचे तत्त्व साधे असते. तो प्रत्येक संदेश वाचतो, ठरावीक शब्दाने सुरू होणारी ओळ दिसताच तिच्याशी जोडलेला प्रोग्रॅम चालवतो आणि आलेले उत्तर त्याच संभाषणात लिहितो.

या तत्त्वाला कार्यपद्धतीचे रूप दिले ते ‘गिटहब’ या कंपनीने. तिचे कर्मचारी निरनिराळ्या शहरांतून काम करत आणि ‘कॅम्पफायर’ या चॅट-साधनात भेटत. तेथे त्यांनी ‘ह्यूबॉट’ नावाचा बॉट बसवला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्याची नवी आवृत्ती मुक्त स्रोत म्हणून जगाला खुली केली. मागणी करताच पग जातीच्या कुत्र्यांची चित्रे टाकणे ही त्याची एक हौस. पण नवा कोड सर्व्हरवर चढवणे, आलेख आणून दाखवणे, यंत्रांची प्रकृती तपासणे ही गंभीर कामेही त्याच्याकडे होती. गिटहबचे अभियंता जेसी न्यूलंड यांनी २०१३ मधील आपल्या व्याख्यानात ही पद्धत सविस्तर मांडली आणि ‘चॅटऑप्स’ हा शब्द सर्वत्र पसरला. या पद्धतीत सगळेच जण जणू सदैव जोडीने काम करत असतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

हे जोडीने काम करणे म्हणजे काय, ते एका साध्या प्रसंगावरून समजेल. एक अभियंता चॅनेलमध्ये बॉटला नवा कोड चढवण्यास सांगतो. काम पूर्ण झाल्याचे बॉट तेथेच कळवतो. दुसरी अभियंता त्रुटींचा आलेख मागते. आलेखाची रेघ वर चढलेली दिसते. तिसरा ‘मागे घ्या’ म्हणतो, पहिला तशी आज्ञा देतो आणि रेघ खाली येते. कालच रुजू झालेला चौथा काहीच बोलत नाही. पण शंका कोणत्या क्षणी आली, कोणता आलेख आधी पाहिला, कोणते शब्द वापरून बदल मागे घेतला, हे सारे तो पाहतो. पुढच्या वेळी तीच आज्ञा तो स्वतः देऊ शकतो. कार्यपुस्तिका काय करावे हे सांगते. चॅनेल मात्र ते केव्हा आणि का केले हेही दाखवते. कालवेळेसह उरणारी नोंद हा तर वेगळाच लाभ.

भारतीय वाचकाला याचे जुने रूप रेल्वेत सापडेल. सेक्शन कंट्रोलरच्या टेलिफोनची एकच तार त्या विभागातील सर्व स्थानकांना जोडते. रिसीव्हर उचलणाऱ्या कोणत्याही स्टेशन मास्तराला चाललेले बोलणे ऐकता येते. कोणती गाडी कोठे थांबवली, कोणाला आधी वाट दिली, हे कानावर पडत पडतच नवा माणूस घडतो. मात्र केवळ ऐकण्यावर रेल्वे विसंबत नाही. फाटक बंद झाल्याची खात्री करताना स्टेशन मास्तर आणि गेटमन ‘प्रायव्हेट नंबर’ची देवाणघेवाण करून तो नोंदवून ठेवतात. खुले बोलणे आणि काटेकोर खातरजमा या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात.

चॅटऑप्सलाही हा दुसरा धडा शिकावा लागला. २०१४ मध्ये ‘स्लॅक’ सर्वांसाठी खुले झाल्यावर चॅटमधून यंत्रणा चालवणे अनेक कंपन्यांच्या अंगवळणी पडले. पण आज्ञा देणे सोपे झाले की चुकणेही सोपे होते. चुकीच्या एका आज्ञेची किंमत किती, हे २८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिसले. ॲमेझॉनच्या ‘एस-३’ या साठवणसेवेतील काही सर्व्हर काढण्यासाठी दिलेल्या आज्ञेत एक मूल्य चुकीचे पडले, अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर निघाले आणि असंख्य संकेतस्थळे काही तास कोलमडली. ही आज्ञा चॅटमधली असल्याचे कोठे म्हटलेले नाही. पण त्यावरचा उपाय चॅटऑप्सलाही तितकाच लागू पडतो. ॲमेझॉनने साधनच बदलले : ते सर्व्हर सावकाश काढू लागले आणि किमान क्षमतेखाली जाण्यास नकार देऊ लागले.

दुसरा धोका परावलंबनाचा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे ६ तास बंद राहिले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासणी-साधनातही दोष निघाला. त्याच जाळ्यावर उभी असलेली अंतर्गत साधने निकामी झाली आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावे लागले. ज्या घराला आग लागते त्याच घरात पाण्याचा बंब ठेवू नये, हा त्याचा अर्थ.

भारतात नोंदीचा प्रश्न आता कायद्याचाही आहे. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. काय घडले आणि कोणी काय केले हे इतक्या अल्पावधीत सांगायचे, तर ते घडत असतानाच नोंदले गेलेले बरे.

आता चॅनेलमध्ये नवा सदस्य आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे बॉट नुसती आज्ञा पाळत नाहीत. बिघाडाचे निदान सुचवतात, उपायही करू पाहतात. त्यांनी कारणे उघडपणे मांडली तर ते उत्तम शिक्षक ठरतील. दुरुस्ती पडद्याआड उरकून केवळ ‘झाले’ असे कळवले, तर विद्या पुन्हा एकाच ठिकाणी कोंडली जाईल. फरक इतकाच, की या वेळी ती माणसाच्या डोक्यातही नसेल.

ही विद्या पाहून शिकण्यासाठी नोकरी मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मराठीसह शेकडो भाषांतील विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचे अभियंते आजही आयआरसीवर काम करतात. चॅनेलमध्ये उद्गारचिन्ह जोडून ‘लॉग’ असे लिहिले, की बॉट पुढील मजकूर सार्वजनिक नोंदवहीत उतरवतो. ती नोंदवही कोणत्याही विद्यार्थ्याला, कोणत्याही गावातून, विनामूल्य वाचता येते.