पाठीवरचा उलटा भांग

मागच्या रविवारी सोसायटीच्या बागेत शेजारच्या काकांचा नवा कुत्रा भेटला. ऱ्होडेशियन रिजबॅक. गव्हाळ रंग, वासराएवढं धूड, आणि पाठीवर खांद्यांपासून कमरेपर्यंत केसांचा एक पट्टा चक्क उलटा! पट्ट्याच्या वरच्या टोकाला समोरासमोर दोन भोवरे. माझी आजी असती तर लगेच म्हणाली असती, "याची दोन लग्नं होणार बघ!"

आपल्याकडे बैल-घोडा घेताना भोवरे बघतातच. त्यामुळे मला गंमत वाटली. मग घरी येऊन वाचायला बसलो आणि गंमत हळूहळू ओसरली.

तर या पट्ट्याचा इतिहास असा. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांच्या कुत्र्यांना तो युरोपियन येण्याआधीपासून होता. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या शिकाऱ्यांनी या कुत्र्यांचा आपल्या कुत्र्यांशी संकर केला. यात कॉर्नेलियस व्हॅन रूयेन हे नाव मोठं. काम काय, तर सिंहाला भुंकून, हुलकावण्या देऊन बंदूकवाला येईपर्यंत अडवून धरायचं. या कामाला लागतात पाय, दम आणि डोकं. केस कुठल्या दिशेला आहेत याच्याशी सिंहाला काय देणंघेणं?

पण १९२२ साली बुलावायोला (आजच्या झिंबाब्वेत) फ्रान्सिस बार्न्स आणि मंडळींनी या जातीचं मानक ठरवलं. त्यासाठी नमुना घेतला डाल्मेशियनच्या मानकाचा. म्हणजे आमच्यासारखंच, जुन्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंट उघडायचं आणि बदल करत जायचं! पुढे शिकार मागे पडली, शो आले आणि पट्टा हीच जातीची ओळख झाली. भोवरे दोनच हवेत, तेही बरोब्बर समोरासमोर.

आता खरी गोष्ट. या जातीत डर्मॉइड सायनस नावाचा जन्मजात दोष आढळतो. गर्भात त्वचा आणि मज्जारज्जू एकाच थरातून बनतात आणि नंतर वेगळे होतात. ते नीट वेगळे झाले नाहीत तर त्वचेपासून आत जाणारी एक बारीक नळी राहून जाते. तिच्यात केस, मळ साचतो, पू होतो, आणि नळी खोल असेल तर संसर्ग थेट मज्जारज्जूपर्यंत पोचतो. म्हणून जाणकार लोक नवजात पिल्लांची मानेवरची, पाठीवरची कातडी चिमटीत धरून तपासतात.

२००७ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये याचं कारण छापून आलं. डीएनएचा सुमारे १ लाख ३३ हजार अक्षरांचा एक तुकडा या कुत्र्यांत दोनदा आलाय. मानकच नव्हे, पट्टासुद्धा कॉपी-पेस्ट! ही चूक आई किंवा बाप, एकाकडूनच आली तरी पट्टा उमटतो. दोघांकडून आली तर पट्टा तसाच, पण डर्मॉइड सायनसचा धोका वाढतो. आणि एकाकडूनही आली नाही तर पिल्लू बिनपट्ट्याचं. त्याला हा आजार क्वचितच.

या बिनपट्ट्याच्या पिल्लांचं काय व्हायचं? बरेच ब्रीडर ती मारून टाकत. अशी पिल्लं मारावीत असं ब्रिटनमधल्या या जातीच्या क्लबच्या आचारसंहितेतच लिहिलेलं होतं. २००८ साली बीबीसीच्या 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' या माहितीपटाने ते जगासमोर आणलं, मोठा गदारोळ झाला. २००९ पासून बीबीसीने क्रफ्ट्स शो दाखवणंही थांबवलं.

मला राहून राहून एकच वाटतं. दोन्हीकडून पट्टा आलेल्या कुत्र्याची जोडी बिनपट्ट्याच्या कुत्र्याशी लावली, तर सगळी पिल्लं पट्टेवाली होतात, आणि चुकीची एकच प्रत घेऊन जन्मतात. म्हणजे पट्टाही राहतो, धोकाही कमी होतो. ज्यांना 'सदोष' म्हणून मारलं, नेमकी तीच पिल्लं या जातीच्या कामाची होती. टेस्टच चुकीची लिहिलेली असेल तर चांगला कोड नापास होतो, हे मी ऑफिसात दर आठवड्याला बघतो. पण तिथे डिलीट केलेलं परत आणता येतं.

संध्याकाळी परत खाली गेलो. स्वारीने पाठ माझ्या पायावर घासली. मी हात फिरवला... अर्धा सुळसुळीत, अर्धा खरखरीत. बिचाऱ्याला पत्ताही नाही, की हा उलटा भांग नसता तर कदाचित तो आज इथे नसता.