‘सेडिशन’ : फुटून निघणें

इंग्रजींतील ‘सेडिशन’ या शब्दास मराठींत ‘राजद्रोह’ हा प्रतिशब्द रूढ झाला. परंतु मूळ शब्दांत राजाहि नाहीं आणि द्रोहहि नाहीं. लॅटिन भाषेंत ‘सेद्’ म्हणजे वेगळें आणि ‘इरे’ म्हणजे जाणें. ‘सेदितिओ’ म्हणजे फुटून निघणें. इ. स. पूर्व ४९४ मध्यें कर्जानें गांजलेले रोमचे सामान्य लोक नगर सोडून टेकडीवर जाऊन बसले, अशी कथा रोमन इतिहासकार सांगतात. त्यांना परत आणावयास सत्ताधाऱ्यांना आपला माणूस धाडावा लागला, आणि लोकांना स्वतःचे ‘ट्रिब्यून’ मिळाले.

२०२४ सालीं जुन्या दंडसंहितेबरोबर गेलेलें १२४-अ हें कलम १८७० सालचें. त्याच्या मजकुरांत ‘सेडिशन’ नव्हतेंच. होता तो ‘डिसअफेक्शन’, लॅटिन कुळांतलाच दुसरा शब्द. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवरील खटल्यांत न्या. स्ट्रॅची यांनीं त्याचा अर्थ ज्यूरीस सांगितला : प्रेमाचा अभाव. आतां परकीय सरकारविषयीं प्रेम नसणें हें मुंबईंत कांहीं दुर्मिळ नव्हतें! सहा युरोपियन ज्यूररांनीं टिळकांना दोषी ठरविलें, तिघां हिंदी ज्यूररांनीं निर्दोषी. शिक्षा झाली अठरा महिन्यांची.

१९०८ सालीं ‘केसरी’तील लेखांवरून पुन्हां खटला झाला. लेख मराठी, निवाडा इंग्रजी भाषांतरावर. त्या भाषांतरासच टिळकांनीं हरकत घेतली. न्यायासनावर होते न्या. दावर, ज्यांनीं १८९७ सालीं बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठीं काम चालविलें होतें. २२ जुलैच्या रात्रीं सात विरुद्ध दोन अशा मतांनीं टिळक दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

दुसऱ्या दिवसापासून परळ-लालबागच्या गिरण्यांतून कामगार बाहेर पडले. त्यांतील बहुतेकांना ‘केसरी’ वाचतां येत नव्हता. लेखणीनें ‘अप्रीति’ पसरते असें सरकार म्हणत होतें. ‘सेदितिओ’चा मूळ अर्थ मात्र या निरक्षर माणसांनीं पायांनीं लिहिला. बाजारहि बंद झाले. सहा वर्षांच्या शिक्षेस सहा दिवसांचा संप झाला. येथें समजूत घालावयास कोणी आलें नाहीं. लष्कर आलें, गोळीबार झाला, माणसें मेलीं. मग गिरण्यांचे भोंगे वाजले आणि कामगार पुन्हां आंत गेले.