आधी वाचा, मग बोला

मंडळी, गेल्या आठवड्यात एका पालकांचा फोन आला. "दादा, शाळेच्या वाचनालयात भलतंच पुस्तक ठेवलंय. बातमी लावा, काढायला लावा." विचारलं, "तुम्ही वाचलंत का?" म्हणाले, "नाही हो, ग्रुपवर एका पानाचा फोटो आलाय."

त्यावरून अमेरिकेतली एक जुनी केस आठवली.

सप्टेंबर १९७५. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज नावाचा भाग आहे. तिथल्या सरकारी शाळा लोकांनी निवडून दिलेलं मंडळ चालवतं. या मंडळाचे तीन सदस्य पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेला गेले आणि 'आक्षेपार्ह' पुस्तकांची यादी घेऊन आले. सोबत वेचून काढलेले उतारे. म्हणजे तेव्हाचा व्हॉट्सअप फॉरवर्डच म्हणा ना!

नोव्हेंबरमध्ये एका रात्री त्यांनी हायस्कूलच्या वाचनालयातली कार्डं तपासली. यादीतली नऊ पुस्तकं तिथे निघाली. एक धाकट्या मुलांच्या शाळेत, एक बारावीच्या अभ्यासक्रमात. एकूण ११. त्यात रिचर्ड राइटचं 'ब्लॅक बॉय' होतं, कर्ट व्हॉनेगटची युद्धावरची कादंबरी होती. मंडळाने जाहीर केलं, ही पुस्तकं अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि घाणेरडी आहेत. ज्यूविरोधी म्हणे! त्याच यादीत बर्नार्ड मॅलमडची 'द फिक्सर' होती. लेखक स्वतः ज्यू, गोष्ट खोट्या आळात अडकवलेल्या निरपराध ज्यू माणसाची, आणि पुस्तकाला पुलित्झर मिळालेलं.

ओरड झाल्यावर मंडळाने चार पालक आणि चार शाळेतले लोक यांची समिती नेमली. समितीने पाच पुस्तकं ठेवा म्हटलं, दोन काढा म्हटलं, एक पालकांच्या परवानगीने द्या म्हटलं. दोनांवर एकमत झालं नाही. आणि शेवटच्या पुस्तकावर मतच दिलं नाही. कारण? सगळ्या सदस्यांना ते वाचायला मिळालं नव्हतं.

मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. वाचलं नाही, म्हणून बोलणार नाही. एवढा साधा प्रामाणिकपणा!

मंडळाने मात्र समितीचं ऐकलं नाही. नऊ पुस्तकं काढलीच. मग १९७७ मध्ये स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थी कोर्टात गेले. २५ जून १९८२ रोजी सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार असा निकाल मुलांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शाळेसाठी पुस्तकं निवडायचा अधिकार मंडळाला आहे, पण केवळ विचार पटत नाहीत म्हणून कपाटातलं पुस्तक काढता येणार नाही. पुढे खटला लांबवण्यापेक्षा मंडळाने पुस्तकं परत कपाटात ठेवली.

आता आपल्या गावचं. ते पुस्तक मी आणून दोन रात्रींत वाचलं. फोटोतलं पान खरं आहे, शिव्याही आहेत. दारूडा बाप बायकोला मारतोय, असा तो प्रसंग. पण पुढच्याच प्रकरणात त्यांचा पोरगा बापाच्या हातातली बाटली काढून घेतो. ते पान कुणी फॉरवर्ड केलं नाही. आपल्या गावात अशी घरं किती आहेत, हे मी सांगायला नको.

पालकांची काळजी खोटी नाही. तक्रार जरूर करा, पण लेखी करा. शिक्षक-पालकांनी पुस्तक पूर्ण वाचून ठरवावं. तोवर पुस्तक कपाटातच राहू दे.

माझी प्रत त्या पालकांकडे पाठवली आहे. त्यांचं वाचून झालं की पुढचं बोलू.