मूक रिफ्लक्स

जठरातील द्रव अन्ननलिकेतून वर चढून घसा व स्वरयंत्रापर्यंत पोहोचल्यामुळे होणारा विकार. छातीत जळजळ, आंबट-करपट ढेकर ही आम्लपित्ताची ओळखीची लक्षणे यात बहुधा नसतात, म्हणून त्याला मूक म्हटले जाते. घसा सारखा खाकरावासा वाटणे, घशात गोळा अडकल्याची भावना, कोरडा खोकला, नाकामागून कफ उतरत असल्यासारखे वाटणे, सकाळी आवाज जड किंवा घोगरा असणे, ही त्याची लक्षणे होत. यांतील प्रत्येक लक्षण ॲलर्जी, सायनसचा दाह, दमा, तंबाखू व आवाजाचा अतिवापर यांतही आढळते. निदानातील बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. उपचारासाठी आम्लनिर्मिती कमी करणाऱ्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्यांचा उपयोग नेमक्या कोणत्या रुग्णांना होतो, याबाबत कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यांच्यात अद्याप एकमत नाही.

कारणे : अन्ननलिकेच्या दोन्ही टोकांना स्नायूंची वलये असतात. जठराशी असलेले खालचे वलय अवेळी सैल पडले की द्रव अन्ननलिकेत येतो. घशाशी असलेले वरचे वलयही उघडले तर तो घशात शिरतो. अन्ननलिका या माऱ्याला बऱ्यापैकी तोंड देते. गिळलेल्या लाळेतील बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते आणि स्नायूंच्या लाटा द्रव परत खाली ढकलतात. स्वरयंत्राला असे संरक्षण जवळजवळ नाही. त्यामुळे छातीत काहीही न जाणवता घसा सुजू शकतो.

वर येणाऱ्या द्रवात आम्लाखेरीज पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर असते, काही वेळा पित्तरसही असतो. सामू ६.५ च्या आसपास पेप्सिन निष्क्रिय होते, पण नष्ट होत नाही. घशाच्या अस्तरात ते रेंगाळले आणि पुढे आम्लाचा स्पर्श झाला, तर ते पुन्हा सक्रिय होऊ शकते. सामू ८ च्या पुढे मात्र ते कायमचे निकामी होते. गोळीने आम्ल घटते. द्रवाचे वर येणे तिने थांबत नाही आणि पेप्सिनही नाहीसे होत नाही. गोळी सुरू असताना अन्ननलिकेत वर येणाऱ्या द्रवाच्या खेपा साधारण तेवढ्याच राहतात, फक्त त्यांचा आंबटपणा कमी होतो. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढे दिलेल्या चाचण्यांचे निकाल उलगडत नाहीत.

इतिहास : स्वरयंत्रावरील व्रणांचा जठररसाशी असलेला संबंध चेरी व मार्ग्युलिस यांनी १९६८ मध्ये मांडला. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनाच्या स्वरतज्ज्ञ जेमी कौफमन यांनी १९९१ मध्ये २२५ रुग्णांच्या तपासण्या व प्राण्यांवरील प्रयोग यांवर आधारित प्रबंध प्रसिद्ध केला, आणि या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली. आज वापरात असलेली लक्षणांची प्रश्नावलीही कौफमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आली.

औषधे : औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून तयार झालेले, आम्लनिर्मिती कमी करणारे सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले, ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्गातील रॅनिटिडीन भारतात अनेक वर्षे घरोघरी होते. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हा संभाव्य कर्करोगकारक घटक आढळला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतून ते वगळले गेले.

स्वीडनमध्ये १९७९ मध्ये आम्लनिर्मिती रोखणाऱ्या दुसऱ्या वर्गातील ओमेप्राझोल तयार झाले व १९८८ मध्ये विक्रीस आले. लॅन्सोप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याची भावंडे. जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे जे प्रथिन असते त्याला प्रोटॉन पंप म्हणतात. ही औषधे त्याला कायमची चिकटतात व तो बंद पाडतात. मात्र चालू असलेलाच पंप त्यांना बंद पाडता येतो. पंप चालू होतात जेवणाने, आणि औषध रक्तात टिकते जेमतेम तास-दोन तास. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस जातात. नाश्त्यानंतर इतर गोळ्यांसोबत घेतलेली, रात्री झोपताना घेतलेली किंवा जळजळ झाली की तेवढ्यापुरती घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. औषध लागू पडले नाही असे सांगणाऱ्या रुग्णाला पहिला प्रश्न गोळीच्या वेळेचा विचारला पाहिजे. मात्रा दुप्पट करण्याचा विचार त्यानंतरचा. यांतील बहुतेक औषधांचे विघटन यकृतातील एका विकरामुळे होते आणि त्या विकराचा वेग माणसागणिक वेगळा असतो. रॅबेप्राझोल त्यावर कमी अवलंबून असते. हृदयरुग्णांना दिले जाणारे क्लोपिडोग्रेल याच विकरामार्फत सक्रिय होते, म्हणून त्याच्यासोबत ओमेप्राझोल टाळतात.

भारतात पॅन्टोप्राझोल व जठर लवकर रिकामे करणारे डॉम्पेरिडोन यांचे मिश्रण मोठ्या प्रमाणावर लिहून दिले जाते. डॉम्पेरिडोनमुळे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असल्याने युरोपीय नियामकाने २०१४ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या.

आम्लनिर्मिती रोखणाऱ्या व्होनोप्राझान या नव्या वर्गातील औषधाला जपानमध्ये २०१४ मध्ये मंजुरी मिळाली.

निदान : वर उल्लेखलेल्या लक्षणांच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ५ गुण असतात. बेरीज १३ च्या वर गेली तर विकाराचा संशय घेतात. नऊपैकी छातीतील जळजळीचा प्रश्न एकच आहे, बाकीचे आठ सर्दी-ॲलर्जीच्या रुग्णालाही लागू पडतात. दुर्बिणीतून दिसणारी स्वरयंत्रामागची लाली व सूज हा दुसरा आधार. तोही पुरेसा भक्कम नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत घशाची कोणतीही तक्रार नसलेल्या १०५ जणांना तपासले, तेव्हा त्यांतील ८६ टक्के लोकांत असे किमान एक चिन्ह आढळले. अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून चोवीस तास आम्ल व द्रव यांची नोंद घेणे ही अधिक खात्रीची तपासणी होय. ती मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत होते. घशाची लक्षणे आहेत पण छातीत जळजळ नाही अशा रुग्णाला गोळ्या सुरू करण्यापूर्वी ही तपासणी करावी, असे अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुचवले.

आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र दुर्बिणीने पाहणे आवश्यक असते. नुसत्या घोगरेपणावर, स्वरयंत्र न पाहता, आम्लरोधक गोळी देऊ नये, असे अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. तंबाखू, गुटखा, विडी यांचे सेवन असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही सूचना पाळलीच पाहिजे. महिनोन् महिने पित्ताच्या गोळ्या घेताना स्वरयंत्राचा कर्करोग वाढत जाणे ही टाळता येण्याजोगी हानी आहे. शिक्षक, गायक, कीर्तनकार, रंगभूमीवरील नट यांच्यात स्वरतंतूंवरील गाठी व आवाजाचा चुकीचा वापर ही कारणेही तितक्याच बारकाईने तपासावी लागतात.

औषधांच्या चाचण्या : १९९० च्या दशकातील बहुतेक अहवालांत प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) तुलना नव्हती आणि त्यांचे निकाल आशादायक होते. तुलना सुरू झाल्यावर चित्र पालटले. २००६ मध्ये वैझी व सहकाऱ्यांनी १४५ रुग्णांवर १६ आठवडे चाचणी घेतली. ४० मिलिग्रॅम इसोमेप्राझोल दिवसातून दोनदा घेणारे आणि प्लासिबो घेणारे यांच्यात फरक आढळला नाही.

यांतील सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत झाली व २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांहून अधिक काळ घशाची तक्रार असलेले ३४६ रुग्ण तिच्यात होते. १७२ जणांना ३० मिलिग्रॅम लॅन्सोप्राझोल दिवसातून दोनदा आणि १७४ जणांना हुबेहूब तशीच प्लासिबोची गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते. सुरुवातीचे प्रश्नावलीतील सरासरी लक्षणगुण औषधगटात २२.० व प्लासिबोगटात २१.७ होते, १६ आठवड्यांनी ते अनुक्रमे १७.४ व १५.६ झाले. म्हणजे दोन्ही गट सुधारले आणि औषधगटाला कोणताही जादा लाभ मिळाला नाही. या चाचणीवर एक आक्षेप रास्त आहे : रुग्णांची निवड लक्षणांवरून झाली होती, त्यांच्या घशात द्रव खरोखर येतो का हे नळीच्या तपासणीने पाहिले नव्हते. परंतु दवाखान्यातही गोळी लक्षणांवरूनच लिहिली जाते, त्यामुळे तिथल्या प्रथेला हा निकाल थेट लागू होतो. छातीत जळजळही असलेल्या किंवा तपासणीत आम्ल सिद्ध झालेल्या रुग्णांना दोन ते तीन महिने गोळी देऊन पाहणे आजही योग्य मानतात.

इतर उपचार : समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट जठरातील द्रवावर तरंगता थर तयार करते. जेवणानंतर व झोपताना ते घेतात. पुरावा मर्यादित असला तरी धोका कमी असल्याने अनेक तज्ज्ञ आता सुरुवात त्यापासून करतात. रात्रीचे जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे, वाढलेले वजन उतरवणे व तंबाखू सोडणे यांचा उपयोग होतो. नुसती उशी उंच केल्यास मान वाकते व पोटावर दाब येतो. कौफमन यांच्या आहारपद्धतीत आंबट पदार्थ कटाक्षाने वर्ज्य आहेत. कोकण-गोव्यात पित्तशामक म्हणून घेतले जाणारे कोकम सरबत व सोलकढी त्या नियमात बसत नाहीत. २०१७ मध्ये झालेल्या १८४ रुग्णांच्या एका तुलनेत वनस्पतिप्रधान आहार व अल्कधर्मी पाणी यांचा परिणाम गोळ्यांच्या तोडीचा दिसला, परंतु ती तुलना जुन्या नोंदींवरून केलेली होती. सवयीने खाकरत राहणाऱ्या रुग्णांत स्वरतंतू एकमेकांवर आदळून सूज कायम राहते. अशा वेळी वाचा-स्वर उपचारतज्ज्ञाकडील व्यायाम गोळ्यांहून अधिक गुणकारी ठरू शकतात. ही सेवा जिल्हा पातळीवर दुर्मीळ आहे.

आयुर्वेद : माधवनिदान या ग्रंथात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग (वर जाणारे) व अधोग (खाली जाणारे) असे प्रकार दिले असून ऊर्ध्वग प्रकारात घशातील दाहाचा उल्लेख आहे.

दीर्घकालीन वापर : ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची कमतरता, अस्थिभंग, आतड्यांचा संसर्ग व मूत्रपिंडाचे विकार यांच्याशी प्रोटॉन पंप बंद पाडणाऱ्या गोळ्यांचा संबंध निरीक्षणांतून जोडला गेला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७,५९८ रुग्णांच्या चाचणीत सुमारे तीन वर्षे पॅन्टोप्राझोल दिले असता फक्त आतड्यांच्या संसर्गात स्पष्ट वाढ दिसली. गोळी एकाएकी बंद केल्यास काही आठवडे आम्ल उसळून येते. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये १२० निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात आठ आठवडे गोळी घेऊन थांबलेल्यांपैकी ४४ टक्के जणांना आम्लपित्ताचा त्रास झाला. प्लासिबो घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. हा त्रास म्हणजे मूळ आजार परतला असे समजून अनेक रुग्ण गोळीकडे वळतात. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी व मधल्या काळात अल्जिनेट घ्यावे.

शस्त्रक्रिया : तपासणीत रिफ्लक्स सिद्ध झालेल्या निवडक रुग्णांत, द्रव वर येऊ नये म्हणून, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात.

लहान मुले : तान्ह्या बाळाने दूध टाकणे हा बहुधा आजार नसतो व त्यासाठी आम्लरोधक औषध लागत नाही, वजन वाढत नसेल तर तपासणी करावी.