थंडीचं औषध आणि उरुळीचा धडा
शिरूर-दौंडकरांनो, थंडी पडली की महागड्या काढ्यांच्या जाहिराती सुरू होतात. जरा शेजारचा इतिहास आठवूया.

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या उरुळी कांचनला मार्च १९४६ मध्ये गांधीजी आठवडाभर राहिले. गरिबांसाठीचं निसर्गोपचार केंद्र आधी पुण्यात काढायचं होतं. पण खेड्यातला गरीब शहरात येणार कसा? म्हणून ते गावात आणलं. उपचार कोणते? ऊन, पाणी, माती, साधा आहार आणि रामनाम. मणिभाई देसाईंनी पुढे आयुष्यभर तिथंच राहून आश्रम वाढवला.

कोवळं ऊन आजही फुकट आहे. बाजरी, तीळ, गूळ आपल्याच मातीतले. तेवढं तरी करा. खोकला लांबला तर मात्र सरकारी दवाखाना गाठा. आरोग्य गरिबाला परवडलंच पाहिजे, हाच उरुळीचा धडा!